बासष्ट खोल्या

खोल्या बासष्ट.
नावं सदुसष्ट.
ही चूक नाही, हिशेब आहे.
देसाई सरांनी ट्रेनिंगमध्ये फळ्यावर मांडून दाखवलेला:
शंभरात सात-आठ जण येतच नाहीत.
कुणाचं विमान, कुणाची मीटिंग, कुणाचा मूड.
न येणाऱ्यांच्या भरवशावर
आपण येणाऱ्यांना हो म्हणायचं.

त्या मंगळवारी वाशीत प्रदर्शन होतं, पंप आणि व्हॉल्व्हचं.
न येणारेसुद्धा आले.
साडेदहापर्यंत एकसष्ट खोल्या भरल्या,
चौघांची सोय मी दुपारीच दुसरीकडे लावली होती.
उरली चारशे नऊ
आणि उरली दोन नावं.

आमच्या घणसोलीत हळदीला
दोनशे माणूस सांगावं नि तीनशे यावं.
आई आमटीत दोन तांबे पाणी घालायची,
वर मूठभर मीठ,
आणि शेवटची पंगतसुद्धा हात चाटत उठायची.
खोलीत पाणी घालता येत नाही.

कुणाला परत पाठवायचं, त्याचा लिहिलेला नियम असा:
एकटा, एका रात्रीपुरता,
स्वस्तातल्या साइटवरून आलेला, आपलं कार्ड नसलेला.
न लिहिलेला नियम मला पाचव्या वर्षी कळला:
जो ओरडणार नाही, तो.
ते दारातच दिसतं.
बॅग ठेवतो की आपटतो,
पायपुसण्याला बूट पुसतो की नाही.
यांनी पुसले. दोनदा.

हुक्केरीकर, इचलकरंजी.
हातात सॅम्पलची पेटी, दोरीने बांधलेली.
"सर, आपली सोय तुर्भ्याला केली आहे,
याच दर्जाचं हॉटेल, गाडी आमची, बिल आमचं."
हे मी इतक्यांदा म्हटलंय
की 'याच दर्जाचं' एवढं
तोंडातून भिजलेल्या पावासारखं पडतं.
त्यांनी फोन पुढे केला, वर हिरवी खूण.
"हे कन्फर्म आहे ना?"
"हो सर, कन्फर्म आहे."
"मग खोली?"
"नाही सर."
दोन्ही उत्तरं खरी होती.

जरा वेळ ते माझ्या छातीवरची पाटी वाचत राहिले,
प्र मि ला  वै ती,
जणू तिथे अजून काही लिहिलेलं असेल.
मग म्हणाले, तोंड धुऊन घेतलं तर चालेल?
धुतलं. फॉर्मवर सही केली.
ड्रायव्हरला म्हणाले, पेटी मीच धरतो.

चारशे नऊ मी ठेवली होती प्लॅटिनमवाल्या साहेबांसाठी.
महिन्यातून चार रात्री, बंगळूरहून, उशिरा, आणि आवाज मोठा.
एक वाजला. फोन बंद.
दोन वाजले.
तिनाला मी वर गेले.

एसी बावीसवर चालू होता, कुणासाठीच नाही.
चादरीचा कोपरा दुमडलेला, उशीवर चॉकलेट.
खिडकीतून मार्केटयार्डाचे दिवे,
कांद्याचे ट्रक मागे मागे घेणारे.
त्यांच्या पलीकडे ते हॉटेल,
जिथे गरम पाणी साडेसहानंतर येतं.
हे मला माहीत होतं. मी सांगितलं नव्हतं.
चॉकलेट मी तिथेच उभ्या उभ्या खाल्लं,
कागद युनिफॉर्मच्या खिशात.

सकाळच्या रिपोर्टात लिहिलं:
विकलेल्या खोल्या बासष्ट. तक्रार नाही.
चारशे नऊचे पैसे कार्डावरून कापून घेतले.
देसाई सरांनी मोबाइलवर अंगठा पाठवला.

पावणेसातला डेस्कचा फोन वाजला.
मी पाठ केलेली माफी जिभेवर घेऊन उचलला.
"मॅडम, हुक्केरीकर बोलतोय.
रात्री सही करताना तुमचं पेन माझ्याकडेच राहिलं.
प्रदर्शनाला जाताना देऊन जाऊ?"

राहू द्या सर, म्हटलं.
पेनं आमच्याकडे पुष्कळ आहेत.